दोन दिवस कोल्हापूर: सुट्टी स्वयंपाकघरालाही

शनिवार-रविवारला जोडून एखादा सण आला, मुलांच्या परीक्षा संपल्या, की घराघरांत एकच विषय निघतो, ‘कुठेतरी जाऊन येऊ या.’ मग नकाशे निघतात, भाड्याची चौकशी होते आणि खर्चाचा आकडा पाहून बहुतेक बेत जागच्या जागी विरतात. जे विरत नाहीत, त्यांच्यासाठी काटकसरीचा एक ठरलेला मार्ग असतो. घरची गृहिणी आदल्या रात्री अकरापर्यंत दशम्या लाटते, पहाटे उठून पुऱ्या तळते, बटाट्याची सुकी भाजी, चटणी, लाडू, चिवडा असे दोन दिवसांचे डबे भरते. प्रवासात पानेही तीच वाढते. परत आल्यावर तेलकट डब्यांचा ढीग तिचीच वाट पाहत असतो. घरातले सगळे म्हणतात, ‘किती स्वस्तात सहल झाली!’

खरेच स्वस्तात झाली का? जेवणाचे पैसे वाचले, हे मान्य. पण ते कुणाच्या तरी झोपेतून आणि पाठदुखीतून वसूल झाले. नवऱ्याला कचेरीपासून सुट्टी, मुलांना शाळेपासून सुट्टी आणि तिला मात्र तेच काम, फक्त गैरसोयीच्या जागी. नोकरी करणाऱ्या स्त्रीचे तर आणखी हाल, कारण तिला शुक्रवारची कचेरीही चुकत नाही. म्हणून छोट्या सहलीचे अंदाजपत्रक करताना पहिला नियम असा ठेवावा, की काटकसर भाड्यात करावी, खोलीत करावी, खरेदीत करावी, पण बाहेरच्या जेवणात करू नये. दोन दिवस चूल बंद ठेवणे हीच या सहलीची मुख्य चैन समजावी आणि बाकीचा खर्च तिच्याभोवती बेतावा.

हे जमते का? जमते. मात्र त्यासाठी गाव नीट निवडावे लागते.

मुक्काम एकच, फिरणे भोवताली

कमी खर्चाच्या सहलीसाठी असे गाव निवडावे, जिथे रात्रीच्या गाडीने पोचता येते, साधी खोली मिळते, खाण्याची स्वतःची परंपरा आहे आणि साठ-सत्तर किलोमीटरच्या आत दोन-तीन पाहण्यासारखी ठिकाणे आहेत. रोज नवे गाव, नवी खोली, नवी टॅक्सी हा प्रकार टाळलेलाच बरा. त्यात पैसा जातो तो जातोच, शिवाय प्रत्येक मुक्कामी सामान सोडण्या-बांधण्याचे कामही बहुधा एकाच व्यक्तीच्या वाट्याला येते.

अंतर थोडे वाढले तरी चालणार असेल, तर इंदूरकरांना घरी राहूनच उज्जैन, महेश्वर आणि मांडू असे तीन दिवस तीन दिशांना काढता येतात. छत्रपती संभाजीनगर हेही मुक्कामाला उत्तम, पण तिथे वार पाहून जावे, कारण वेरूळची लेणी मंगळवारी आणि अजिंठ्याची सोमवारी बंद असतात. मात्र खाण्यासाठीच जावे असे एक गाव निवडायचे म्हटले, तर कोल्हापूरला तोड नाही. इथे चांगले जेवण मिळवण्यासाठी मोठ्या हॉटेलात जावे लागत नाही. उलट अनेकदा साध्या खाणावळीतच ते अधिक चांगले मिळते.

मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री निघते आणि सकाळी कोल्हापूरला पोचते. पुण्याहून रस्त्याने सुमारे २३० किलोमीटर अंतर आहे, बेळगावहून जेमतेम ११०. शुक्रवारी रात्री निघून रविवारी रात्री परतीची गाडी धरली, तर पूर्ण दोन दिवस हाती लागतात आणि खोली फक्त एका रात्रीची घ्यावी लागते. या एका गोष्टीत जितके पैसे वाचतात, तितके सगळे डबे मिळूनही वाचणार नाहीत.

रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी सुरू होते. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते एकशे वीस दिवस आधी मिळत असे, त्यामुळे जुन्या सवयीने हिशेब करू नये. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल, तर २०१६ पासून पूर्ण तिकीट लागते. बर्थ नको असेल तर अर्धे. नऊ-दहा वर्षांचे मूल रात्रभर आईच्या बर्थवर झोपवून अर्धे तिकीट वाचवण्याचा मोह होतो खरा, पण त्या रात्री आई झोपत नाही. इथेही तोच हिशेब लक्षात घ्यावा.

आकड्यांची वाटणी

समजा, मुंबईतल्या चौघांच्या कुटुंबाने या सहलीसाठी १२,००० रुपये बाजूला काढले. ते असे वाटावेत: रेल्वेच्या स्लीपर वर्गाचे जाण्या-येण्याचे भाडे ३,०००, खोली २,०००, स्थानिक फिरणे २,०००, खाणे-पिणे ४,००० आणि उरलेले १,००० अडीअडचण व खरेदीसाठी. हे दरपत्रक नव्हे, वाटणी आहे. भाडी आणि दर निघण्यापूर्वी तपासून घ्यावेत व कमी-जास्त करावे. पण खाण्याचा तिसरा हिस्सा शक्यतो हलवू नये. रक्कम अपुरी वाटली तर आधी खरेदीला कात्री लावावी, मग रिक्षाला.

रेल्वेचे भाडे सोडून उरलेले चारही आकडे चार पाकिटांत घालून नेण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे. मोबाइलवरून पैसे देताना पाकीट रिकामे होताना दिसत नाही, हाच तर त्यातला धोका. ज्यांना रोख बाळगायची नसेल, त्यांनी निदान एका वहीत चार रकाने आखून प्रत्येक खर्च तिथल्या तिथे टिपावा. हे काम मुलांकडे द्यावे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला खजिनदार केले, की तिसऱ्या आइस्क्रीमचा हट्ट आपोआप थांबतो.

खोलीसाठी रेल्वे स्थानक व मध्यवर्ती बसस्थानकाचा परिसर सोयीचा. दोन्ही एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. अंबाबाईच्या देवळाभोवतीही भक्तनिवास आणि साधी लॉज पुष्कळ आहेत. फोनवर खोली ठरवताना भाड्याच्याही आधी एक प्रश्न विचारावा, तो म्हणजे खोली चोवीस तासांच्या हिशेबाने देता, की दुपारी बाराच्या? बाराचा हिशेब असेल तर सकाळी साडेसातला पोचणाऱ्या कुटुंबाला एक तर दुपारपर्यंत ताटकळावे लागते, नाही तर जादा पैसे भरावे लागतात. गरम पाणी किती वाजेपर्यंत येते, हा दुसरा प्रश्न. चौघांना एकाच खोलीत जादा गादी मिळेल का, हा तिसरा. खोलीला खिडकीतून काय दिसते, दूरदर्शन संच आहे की नाही, याची चौकशी करू नये. खोलीत फक्त झोपायचे आहे.

स्थानिक प्रवासात एसटीला पर्याय नाही. मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीच्या बसमध्ये स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. आजी-आजोबा बरोबर असतील आणि त्यांचे वय पंचाहत्तरच्या पुढे असेल, तर ऑगस्ट २०२२ पासून त्यांचा प्रवास मोफत आहे. पासष्ट ते पंचाहत्तर वयाला निम्मे भाडे पडते. वयाच्या पुराव्यासाठी आधार कार्ड जवळ ठेवावे. ज्या घरात आई, मुलगी आणि आजी अशा तिघीजणी असतील, तिथे टॅक्सी करण्याआधी बसचे तिकीट किती होते, हे एकदा मोजून पाहावेच.

शनिवार: मिसळ, पन्हाळा आणि रंकाळा

आंघोळी उरकून पहिले काम न्याहारीचे. कोल्हापूरची मिसळ पावाबरोबर नव्हे, तर स्लाइस ब्रेडबरोबर येते आणि तिचा जीव असतो तो लालभडक कटात. बऱ्याच ठिकाणी कट पुन्हा मागितला तर मिळतो. मुलांसाठी कट वेगळा मागवावा आणि वर दही घ्यावे, म्हणजे एकच प्लेट मोठ्यालाही चालते, लहानालाही. मिसळीची नामांकित दुकाने सकाळीच गजबजतात आणि माल संपला की थांबतात. दुपारी एकला पोचून हळहळण्यापेक्षा नऊच्या आत जावे.

तिथून पन्हाळा. अंतर सुमारे २० किलोमीटर, मध्यवर्ती बसस्थानकातून एसटी मिळते. पन्हाळा शनिवारीच करण्याचे कारण असे, की त्याच रस्त्याला जोतिबाचा डोंगर आहे आणि रविवार हा जोतिबाचा वार. त्या दिवशी भाविकांची रीघ लागते. वाहनांच्या रांगेत दोन तास घालवायचे नसतील, तर या दिशेला रविवारी जाऊ नये. जोतिबाचे दर्शनही घ्यायचे असेल, तर तेही शनिवारीच उरकावे. मात्र पन्हाळ्याला मग घाईचे होते.

पन्हाळा हा माणसांनी वसलेला किल्ला आहे. वर गाव आहे, शाळा आहे, वाहन थेट आत जाते. त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंनाही तो पाहता येतो. तीन दरवाजा, तीन मजली अंधारबाव, सज्जाकोठी आणि अंबरखाना एवढे जरी निवांतपणे पाहिले तरी दिवस सार्थकी लागतो. अंबरखान्यात गंगा, यमुना आणि सरस्वती नावाची धान्याची तीन प्रचंड कोठारे आहेत. आत गेल्याबरोबर गारवा जाणवतो आणि मुलांना आवाज घुमवून पाहायला फार आवडते. तिथेच त्यांना सांगावे, की १६६० साली सिद्दी जौहरने या गडाला वेढा घातला, तेव्हा महाराज सुमारे चार महिने इथे अडकले होते. जुलैच्या त्या पावसाळी रात्री पालखीतून महाराज निसटले, शिवा काशिद यांनी त्यांचे सोंग घेऊन मरण पत्करले आणि बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवून धरली. गडावर बाजीप्रभूंचा पुतळा आहे. वेढ्यात धान्यावाचून काय होते, हे अंबरखान्यात उभे राहून जितके समजते, तितके पुस्तकात समजत नाही. कवी मोरोपंतांचा जन्मही पन्हाळ्याचाच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात पन्हाळा आहे. साहजिकच गर्दी वाढली आहे. सकाळी लवकर पोचण्याचे हे आणखी एक कारण.

दुपारचे जेवण गडावरच घ्यावे. झुणका, गरम भाकरी, खरडा, कांदा आणि गाडग्यातले दही. गावातल्या बायका समोर भाकरी थापून देतात. पोट भरते, पैसे बेताचे लागतात आणि ते थेट भाकरी थापणारीच्या हातात पडतात. बसण्याआधी दर विचारून घ्यावा आणि भाकऱ्या किती मिळतील, तेही. खरडा मात्र जपून. कोल्हापूरकर ‘फार तिखट नाही’ म्हणतात, त्यावर विसंबू नये.

संध्याकाळी रंकाळा तलाव. इथे एक पैसाही न खर्चता दोन तास छान जातात. भूक लागलीच तर चौपाटीवर किंवा खासबाग मैदानाजवळच्या खाऊगल्लीत भेळ खावी आणि चौघांत दोन प्लेट घ्याव्यात, कारण रात्रीच्या जेवणाला जागा ठेवायची आहे. खासबागेचे कुस्तीचे मैदान शाहू महाराजांनी बांधवले. मुलांना ते बाहेरून का होईना, पण अवश्य दाखवावे. गंगावेशीत म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध पाजतात. मोठ्यांनी गंमत म्हणून घ्यायला हरकत नाही, पण ते कच्चे असते, तेव्हा प्रवासात लहान मुलांना न दिलेलेच बरे.

तांबडा-पांढरा केव्हा?

मांसाहारी कुटुंबाची कोल्हापूरची सहल तांबड्या-पांढऱ्या रश्श्याशिवाय पुरी होत नाही. मटणाच्या थाळीत सुके मटण, तांबडा रस्सा, नारळाच्या दुधातला पांढरा रस्सा, भाकरी वा चपाती आणि भात येतो. पुष्कळ खाणावळींत दोन्ही रस्से पुन्हा पुन्हा वाढतात, मटण मात्र मोजके असते. म्हणून थाळी ठरवण्याआधी काय पुन्हा मिळते आणि काय नाही, हे विचारून घ्यावे. लहान मुलांना पूर्ण थाळी संपत नाही. त्यांच्यासाठी वेगळी भाकरी आणि पांढरा रस्सा मागवता येतो का, ते पाहावे. चौघांसाठी तीन थाळ्या आणि वर दोन भाकऱ्या हे गणित बहुतेक ठिकाणी जुळते. एकाच थाळीत दोघांनी जेवलेले काही खाणावळींना चालत नाही. तिथे वाद न घालता दुसरीकडे जावे.

पण खरी अडचण पैशांची नसून वाराची आहे. शनिवार पाळणाऱ्या घरात शनिवारी रात्री मटण चालणार नाही. रविवारी दुपारी खावे, तर पुढे नरसोबाच्या वाडीला दत्तदर्शनाला जायचे. मटण खाऊन वाडीला जाणे अनेकांच्या मनाला पटत नाही. मग सहल निघाल्यावर हॉटेलच्या दारात उभे राहून नवरा-बायकोत कुरबुर सुरू होते आणि सासूबाई गप्प बसतात. म्हणून हा प्रश्न घरीच, जाण्याआधी सोडवून ठेवावा. शनिवार पाळत नसाल तर शनिवारची रात्रच उत्तम. पाळत असाल तर दिवसांची अदलाबदल करावी: शनिवारी वाडी व खिद्रापूर, रविवारी पहाटे अंबाबाई, मग पन्हाळा आणि दुपारी उशिरा मटणाचे जेवण. त्यात रविवारची जोतिबाच्या रस्त्याची गर्दी सोसावी लागते, एवढेच. काही गोष्टी दोन्ही हातांनी मिळत नाहीत.

शाकाहारी मंडळींनी हिरमुसण्याचे कारण नाही. अख्खा मसूर हा या भागातला खास पदार्थ. गरम भाकरी किंवा रोटीबरोबर त्याची एक मोठी वाटी दोघांना पुरते. जेवणानंतर कोल्हापूरचे कॉकटेल आइस्क्रीम मुलांना विसरता येत नाही आणि एक प्याला दोघांत सहज भागतो.

रविवार: पहाटेची अंबाबाई, दुपारची बासुंदी

रविवारी अंबाबाईला जितक्या पहाटे जाल, तितकी रांग लहान. नऊनंतर गेलात तर अर्धा दिवस तिथेच जाईल. देवळाचे दगडी काम पाहायला वेळ ठेवावा. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारीअखेर, मावळतीची किरणे थेट मूर्तीपर्यंत पोचतात. या किरणोत्सवाच्या वेळी, तसेच नवरात्रात आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या दिवसांत कमी खर्चाचा बेत आखूच नये. खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर दर वाढलेले असतात.

दर्शन, न्याहारी, खोली सोडणे आणि दहाच्या सुमारास नरसोबाच्या वाडीची बस. अंतर सुमारे ४५ किलोमीटर. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या या गावात दत्तदर्शन होते आणि साधे शाकाहारी जेवणही चांगले मिळते. कृष्णाकाठची वांगी, वरण-भात आणि बासुंदी. ज्या बाईला घरी बासुंदी आटवत तासभर ढवळत उभे राहावे लागते, तिने इथे दुसरी वाटी मागावी. वाडीची कवठाची बर्फी घरी न्यायला घ्यावी. पाव किलो पुरे, कारण शेजारीपाजारी वाटण्याच्या नादात खरेदीचे पाकीट इथेच रिकामे होते.

वाडीहून कुरुंदवाडमार्गे खिद्रापूर. इथे बसची वाट पाहण्यापेक्षा रिक्षा करावी. स्थानिक फिरण्याच्या पैशांतली मोठी रक्कम यासाठीच राखून ठेवायची. जाणे, तासभर थांबणे आणि परत आणणे असे सगळे मिळून भाडे आधीच ठरवावे. खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर शिलाहारांच्या काळातले, बाराव्या शतकाच्या सुमाराचे. त्याच्या स्वर्गमंडपाच्या छताला मधोमध मोठा गोल झरोका आहे आणि त्याच्या बरोबर खाली गोल दगडी शिळा. तिथे उभे राहून वर पाहिले, की कोरीव खांबांच्या वर्तुळात निळे आकाश दिसते. त्रिपुरी पौर्णिमेला याच झरोक्यातून चंद्र पाहायला लोक जमतात. मंदिराच्या पायाशी हत्तींची रांग कोरलेली आहे. मुलांना विचारावे, की महादेवाच्या देवळात काय दिसत नाही? नंदी नाही. आख्यायिका अशी, की सती माहेरी दक्षाच्या यज्ञाला गेली, ती नंदीवर बसून. पुढे तिथे जे झाले त्याने महादेव कोपले, म्हणून हा कोपेश्वर. त्यांची समजूत काढायला विष्णू आले, म्हणून गाभाऱ्यात दोघेही आहेत.

पावसाळ्यात मात्र या बाजूला जपून. पंचगंगा-कृष्णेचे पाणी चढले की वाडीचे देऊळ पाण्यात जाते आणि रस्ते बंद होतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत या भागाने फार सोसले. जुलै-ऑगस्टमध्ये जायचे असेल तर निघण्याच्या दिवशी चौकशी करावी आणि पाणी असेल तर रविवार कोल्हापुरातच काढावा. शहाजी छत्रपती संग्रहालयाचा नवा राजवाडा आहे, ग्रामजीवनाच्या पुतळ्यांसाठी प्रसिद्ध असलेला कणेरी मठही जवळच आहे.

परतीचे आरक्षण कोल्हापूरऐवजी मिरजेहून करावे. महालक्ष्मी एक्स्प्रेस मिरजेला थांबते आणि वाडीहून मिरज जवळ पडते, त्यामुळे पुन्हा कोल्हापूरला जाण्याचा वेळ व भाडे वाचते. याचा अर्थ रविवारभर सामान बरोबर राहणार, म्हणून प्रत्येकाने स्वतः उचलू शकेल अशी एकच पाठपिशवी न्यावी. दोन दिवसांना दोन जोड पुरतात. कोल्हापुरी चप्पल घ्यायची असेल तर ती शनिवारी संध्याकाळीच घ्यावी आणि पायात घालूनच पाहावी. अस्सल चामड्याची चप्पल स्वस्त नसते, तेव्हा घरातल्या एकानेच घ्यावी. कुणी घ्यायची, ते खजिनदाराने ठरवावे. रात्रीचे जेवण मिरजेत स्थानकाबाहेर गरम जेवावे, नाही तर भाजी-पोळीची पाकिटे बांधून घ्यावीत.

सोमवारी सकाळी घरी पोचल्यावर मुलांच्या आणि कचेरीच्या डब्यांचा प्रश्न उभा राहतोच. त्याची व्यवस्था शुक्रवारी निघण्यापूर्वी करून ठेवावी. सोमवारी नवऱ्याने कचेरीच्या उपाहारगृहात जेवावे, मुलांना शाळेत नेण्यासाठी आदल्या रात्री मिरजेतच केळी व ब्रेड घ्यावा आणि संध्याकाळचा स्वयंपाक खिचडीवर भागवावा. ती खिचडी कोण टाकणार, हेही शुक्रवारीच ठरवून ठेवावे.